जाऊबाईंचं स्टूल

माझ्या थोरल्या जाऊबाई माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. पण सरकारी कागदावर त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत. आधार कार्ड काढणारे लोक आमच्या सासरच्या गावी, धाकटी डहाणूला आले, तेव्हा जाऊबाईंना आपली जन्मतारीख सांगता येईना. मशीनवरच्या माणसाने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, एक जानेवारी टाकली आणि वर्ष आपल्या मनाने घातलं. त्या दिवशी त्या नेमक्या न्हाऊन, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून गेल्या होत्या. माझ्याकडे शाळेचा दाखला होता, त्यामुळे माझं वय जेवढं होतं तेवढंच लागलं. चार बुकं शिकल्याचा तोटा होतो तो असा.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे, पुढचं सगळं या वयामुळेच घडलं. वयामुळे आणि माझ्या भित्रेपणामुळे.

जाऊबाई चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकत आल्या. बाजारात बसून विकणाऱ्या बायका वेगळ्या. तिथल्या जागा सासूकडून सुनेकडे जातात, आणि आमच्या सासूबाईंना जागाच नव्हती, त्याही फिरतीवरच्या. मी या धंद्यात कधी पडले नाही. लग्नानंतर दोन वर्षांत आम्ही मसोलीला वेगळं बिऱ्हाड केलं आणि मी फुग्यांच्या कारखान्यात लागले. पंपावर फुगा भरायचा, भोक आहे का बघायचं, असेल तर बाजूला टाकायचा. मी टाकलेला फुगा परत घ्यायला सांगायची कोणाची छाती झाली नाही. स्वभाव मुळात तिखट, त्यात काम मिळालं हे. पुढे कारखाना बंद पडला आणि मी घरी बसून सुनेच्या हातची भोकं बघायला लागले.

त्याच सुमाराला जाऊबाईंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, ओझं उचलायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. जाऊबाई म्हणाल्या, म्हणजे मासळी विकायची नाही एवढंच सांगा की सरळ, फी कशाला तीन गोष्टींची घेता. दिवसभर बसायचं झालं तर उंच स्टुलावर बसा, असंही डॉक्टर म्हणाले. आमच्या अख्ख्या घराण्यात उंच स्टूल कोणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

मग एक दिवस सुनेने बातमी आणली. पंचावन्नच्या पुढच्या, कमी उत्पन्नाच्या बायाबापड्यांना सरकारी पैशातून नोकरीचं शिक्षण मिळणार होतं. अभ्यासक्रम दुकानात विक्री करण्याचा, शिकवणी तलासरीला, फी नाही, वर जाण्यायेण्याचा खर्च आणि चहा. पास झालेल्यांना काम लावून देणार होते, आणि त्यातलं एक काम चारोटीला हायवेलगत, चिकूचे पदार्थ विकणाऱ्या दुकानात. गल्ल्यामागे बसायचं, आणि बसायला उंच स्टूल. सुनेने मोबाइलवर त्या दुकानाचा फोटोही दाखवला. जाऊबाईंनी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून करून फक्त स्टूल बघितलं. त्या जागेला आणखी कोणी गिऱ्हाईक नव्हतं. तलासरीकडच्यांना चारोटीपेक्षा घराजवळचं काम हवं होतं. म्हणजे जाऊबाई पास झाल्या की स्टूल त्यांचं.

त्यांना वाचता येत नाही म्हणून सोबत मी जावं असं ठरलं. वीस माणसं भरल्याशिवाय वर्गाला पैसे मंजूर होत नव्हते आणि दोन कमी पडत होती. माझा फॉर्म सुनेने इतक्या तातडीने भरला की मला संशय यायला हवा होता.

आधी गरीब असल्याचा दाखला काढावा लागला. गरिबी आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या नांदली, पण तिचा कागद कोणाजवळ नव्हता. तो काढायला सरकारी कचेरीत चार खेपा झाल्या. जाऊबाईंनी चौथ्या खेपेला तिथल्या कारकुनाला विचारलं की श्रीमंतांना पण एवढ्या खेपा लागतात का. तो म्हणाला, ते येतच नाहीत.

रोज सकाळी आम्ही चारोटीपर्यंत जीपने आणि तिथून दुसऱ्या जीपने तलासरी गाठत असू. वर्ग एका जुन्या सरकारी इमारतीतल्या हॉलमध्ये भरायचा. शिकवायला एक मॅडम होत्या, वय पंचवीसच्या आतलं, आवाज गोड, आणि सगळ्यांना मावशी नाहीतर बाबा म्हणायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘विक्री म्हणजे काय?’ आणि जाऊबाईंना विचारलं. जाऊबाईंनी फळ्याकडे, मग मॅडमकडे, मग माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं मासळी विकलेल्या बाईला हा प्रश्न म्हणजे, श्वास कसा घेतात ते सांगा असं झालं. त्या म्हणाल्या, “संध्याकाळी पाटी रिकामी दिसली म्हणजे झाली.” मॅडमनी ते फळ्यावर लिहून घेतलं, पण पुढे परीक्षेच्या उत्तरात ते कुठे आलं नाही.

हजेरी वयाप्रमाणे होती, आधार कार्डावरच्या वयाप्रमाणे. त्यात मी जाऊबाईंच्या वर. पस्तीस वर्षं मी त्यांच्या पाया पडत आले, त्यांच्या आधी कधी जेवले नाही, आणि आता रोज माझं नाव आधी. जाऊबाईंना याची इतकी मजा वाटली की त्या मला चारचौघांत ‘मोठी’ म्हणायला लागल्या. जीपमध्ये जागा असली की “मोठीला बसू दे, वय झालं तिचं” म्हणून मलाच पुढे ढकलायच्या. मी दात खाऊन बसायचे.

हॉलमध्ये एका बाजूला खोटं दुकान मांडलं होतं, टेबल, स्टूल, फळीवर चिकूच्या चिप्सची पाकिटं. पाकिटं खरी होती ती पहिला आठवडाभर. मग आम्हीच ती एकेक करून खाल्ली, आणि मॅडमनी रिकाम्या पाकिटांत वर्तमानपत्राचे बोळे भरून वर स्टेपलर मारला. वर्गात तलासरीकडच्या एका पाड्यावरचे एक बाबा होते. त्यांनी आयुष्यभर चिकूच्या वाडीची राखण केली होती. गिऱ्हाईक झालेला माणूस फळीकडे निघाला की बाबा उठून उभे राहायचे आणि विचारायचे, कोण तुम्ही, कोणी पाठवलं. मॅडम सांगायच्या, बाबा, आधी नमस्कार. मग बाबा नमस्कार करायचे आणि पुन्हा विचारायचे, कोणी पाठवलं.

जाऊबाईंची वेगळी अडचण. ‘नमस्कार, आपलं स्वागत आहे, मी आपली काय मदत करू?’ हे वाक्य पाठ करायचं होतं. मदत कसली, असं त्यांचं म्हणणं. त्याला घ्यायचं हाय, मना इकायचं हाय, यात मदत कुठून आली. पाकिटावर छापलेली किंमत म्हणजे त्यांच्या मते दुकानदार पहिल्यांदा बोललेला भाव, तिथून खाली यायचं असतं. पण गुडघ्यांनी त्यांना नम्र केलं होतं. त्या स्टुलावर बसायच्या, पाय खाली सोडायच्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आराम दिसायचा तो बघून मी मनाशी ठरवलं की कसंही करून यांना पास करायचं. आता मोठेपणा सांगत नाही, पण त्यात थोडं असंही होतं की एकदा तरी त्यांना काहीतरी मी शिकवावं.

परीक्षा तोंडी आणि करून दाखवायची होती. परीक्षक बाहेरून येणार. तेच गिऱ्हाईक होणार, वस्तू बघणार, शेवटी ‘नको’ म्हणणार आणि दाराबाहेर जाणार. आपण त्यांना हसतमुखाने जाऊ द्यायचं आणि म्हणायचं, ‘काही हरकत नाही, पुन्हा अवश्य या.’ सगळ्यात जास्त गुण यालाच, कारण मॅडम म्हणाल्या की नकार पचवणं हे विक्रेत्याचं खरं कौशल्य आहे. शिवाय सगळ्याचं मोबाइलवर चित्रण करून, जिथून पैसे येतात तिथे वर पाठवायचं होतं. म्हणजे परीक्षकांनाही इकडचं तिकडे करता येणार नव्हतं.

मी रोज दुपारी परतल्यावर मसोलीला घरी जाऊबाईंकडून सराव करून घेतला. मी गिऱ्हाईक, त्या विक्रेत्या. मी नाक मुरडून नको म्हणायचे, दाराबाहेर जायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या चालण्याची नक्कल केली, दुसऱ्या दिवशी माझ्या नाकाची. पण तिसऱ्या दिवसापासून वाक्य बरोबर यायला लागलं. एका दुपारी तर त्यांनी मला ओळीने दहा वेळा जाऊ दिलं, दहाही वेळा हसून. मला वाटलं, आता स्टूल आपलंच. एवढं माझ्या ध्यानात आलं नाही की दुपारपर्यंत जाऊबाईंची त्या दिवसाची बोहनी कधीच झालेली असायची. शिकवणीला निघण्याआधी त्या गल्लीतल्या गल्लीत थोडी सुकी मासळी विकून यायच्या.

परीक्षेच्या दिवशी मात्र आम्ही पहाटेच निघालो, पाटी घरीच. परीक्षक आले. पन्नाशीचे, चष्मा, हातात पिशवी, घाई फार. मॅडमनी मोबाइल काठीवर लावला. हजेरीप्रमाणे बोलावणार होते, तेव्हा पहिलं नाव वर्गातल्या सगळ्यात मोठ्या बाईंचं यायला हवं होतं, पण त्या बाई त्या दिवशी नातीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि राखणदार बाबा अजून यायचे होते. म्हणजे पहिली मी.

तीस वर्षं फुग्यांना नापास करणारी मी, मला कोणी तपासणार म्हटल्यावर पळवाट शोधायला लागले. आणि मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी उभी राहून मोठ्या नम्रपणे म्हणाले, कागदावर काही असो, खऱ्या वयाने माझ्या जाऊबाई मोठ्या आहेत, मान त्यांचा आहे, त्यांना आधी घ्यावं. परीक्षक म्हणाले, वा, संस्कार. जाऊबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि जाऊन स्टुलावर बसल्या.

सुरुवात झकास झाली. नमस्कार, स्वागत, मदत, सगळं न अडखळता. परीक्षकांनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं, किंमत विचारली. जाऊबाईंनी छापलेली किंमत सांगितली. मग परीक्षकांनी पाकीट खाली ठेवलं आणि म्हणाले, “नको. नुसतं बघत होतो.” आणि वळले.

जाऊबाईंचं तोंड उघडलं, पण वाक्य आलं नाही. त्या स्टुलावरून उतरल्या. त्या गुडघ्यांनी एवढ्या झपाट्याने त्या कशा गेल्या ते मला कळलं नाही, पण परीक्षक दारात पोचले तेव्हा जाऊबाई दारात उभ्या होत्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सकाळ होती. पहिलं गिऱ्हाईक होतं.

बोहनीचे जाऊबाईंचे नियम मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत आले होते. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही. भाव खाली आला तरी चालेल, माणूस गेला नाही पाहिजे, नाहीतर दिवस तर जातोच, पाठोपाठ आठवडाही जातो. आणि घरच्या माणसाची बोहनी धरायची नाही, कारण घरचा माणूस कीव येऊन घेतो, आणि कीव म्हणजे विक्री नव्हे.

परीक्षकांनी हळू आवाजात समजावलं की आजी, मी गिऱ्हाईक नाही, ही परीक्षा आहे, हे खोटं खोटं आहे. जाऊबाई दारातून हलल्या नाहीत.

“परीक्षा खोटी असंल, सायेब,” त्या म्हणाल्या. “सकाळ खरी हाय.”

पुढची पाच मिनिटं हॉलमध्ये नुसता भाव चालला. जाऊबाईंनी भाव निम्म्यावर आणला, मग निम्म्याच्या निम्म्यावर. परीक्षक मोबाइलकडे बघत पुन्हा पुन्हा नको म्हणत होते, कारण त्यांनाही वरून तेवढंच सांगितलेलं. शेवटी ते घामाघूम झाले. त्यांनी खिशातून दहाची नोट काढून दिली. जाऊबाईंनी ती कपाळाला लावली, त्यांच्या हातात पाकीट दिलं, आणि बोहनीचं गिऱ्हाईक म्हणून वर आणखी एक पाकीट घातलं. अशा रीतीने परीक्षकांनी वर्तमानपत्राचे दोन बोळे विकत घेतले. जाऊबाई जाऊन स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, आता येऊ दे कोण येतो तो.

माझी परीक्षा दोन मिनिटांत झाली. त्यांनी नको म्हटलं, मी हसले, पुन्हा या म्हटलं. पैकीच्या पैकी गुण. राखणदार बाबासुद्धा पास झाले, कारण त्यांना गिऱ्हाईक गेल्याचा मनापासून आनंद झाला आणि तो चेहऱ्यावर दिसला. परीक्षा दिलेल्या एकोणीस जणांत एकच नापास, आणि शेऱ्यात लिहिलं होतं की उमेदवार ग्राहकाचा नकार स्वीकारत नाही.

परतीच्या जीपमध्ये मी कबूल केलं की मी मान म्हणून नाही, घाबरून त्यांना पुढे केलं. जाऊबाई बाहेर बघत म्हणाल्या, ठाऊक हाय गो, तू लग्नापासून भित्रीच हायस. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून त्यांनी मला मोठी म्हणणं बंद केलं, आणि तेच मला जास्त लागलं.

चार दिवसांनी मॅडमचा फोन. चारोटीच्या स्टुलावर आता मी बसायचं होतं. मी सांगितलं, मला नको, ते माझं नाही. तेव्हा मॅडमनी पैशाची गोष्ट उलगडून सांगितली. सरकार सगळे पैसे एकदम देत नाही. पास झालेले तीन महिने कामावर टिकले, त्यांचे कामावरचे फोटो वर गेले, तरच शेवटचा हप्ता मिळतो, आणि तो मिळाला तरच पुढचा वर्ग मंजूर होतो. पुढचा वर्ग झाला तर नापास झालेल्याला त्याच्याबरोबर पुन्हा परीक्षा देता येते. चारोटीची जागा रिकामी राहिली तर आकडा एकाने कमी पडत होता. दुकानाच्या शेठना मी माणूस बदलण्याचं आधीच विचारून घेतलं. ते म्हणाले, तीन महिन्यांनी पास झालेलं दुसरं कोणी आणा, माझी ना नाही.

थोडक्यात, जाऊबाईंना स्टूल मिळावं म्हणून तीन महिने ते मला बसून राखायचं होतं. राखणदार मी झाले.

स्टुलावर बसायला सुख होतं, आणि त्या सुखाचीच मला चीड यायची. माझे गुडघे ठणठणीत. मी रोज सकाळी दुकान उघडायचे, येईल त्याचं स्वागत करायचे, आणि जो नको म्हणेल त्याला हसून जाऊ द्यायचे. जो तो नको म्हणायचा. पैकीच्या पैकी गुणांची विक्री मी रोज करत होते, माल मात्र फळीवर होता तिथेच. शेठ भला माणूस, पण तोही एकदा म्हणाला की बेन, थोडं कमी हसलात तरी चालेल. तिकडे जाऊबाई गुडघ्याला फडकं बांधून पाटी घेऊन फिरत होत्या. दुखणं वाढलं होतं. मी शनिवारी भेटायला गेले की त्या फक्त विचारायच्या, स्टूल बरं हाय ना.

तीन महिने भरले. फोटो वर गेले, हप्ता आला, नवा वर्ग मंजूर झाला, आणि यथावकाश पुन्हा परीक्षा लागली. मॅडमनी मला आधीच सांगून ठेवलं की परीक्षक तेच आहेत, आणि जुनी प्रकरणं आधी घेणार, म्हणजे जाऊबाई पुन्हा पहिल्या. यावेळी मी हुशार झाले होते. जाऊबाईंना म्हटलं, सोबत सुके बोंबील घ्या, चारोटीला जीप बदलताना कोणालातरी विका, बोहनी उरकून मगच पुढे जायचं. त्यांना पटलं. पण परीक्षेचा दिवस निघाला मार्गशीर्षातला गुरुवार. चारोटीच्या नाक्यावर सकाळी सकाळी बोंबलांच्या पाटीजवळ कोणी फिरकेना. फुलं, केळी, नारळ विकले जात होते, आणि आमच्याकडे बघून बायका पदर नाकाला लावून लांबून जात होत्या. तलासरीची जीप भरत आली.

माझा स्वतःचा उपास होता. लग्न झाल्यापासून मी हे गुरुवार कधी मोडले नाहीत. मी चार पावलं मागे गेले, वळले आणि गिऱ्हाइकासारखी चालत पाटीसमोर आले.

“बोंबील कसे दिले?” मी विचारलं.

जाऊबाई म्हणाल्या, घरच्याची बोहनी नाय धरत. मी म्हटलं, “आज मी घरची नाही. भाव सांगा, नाहीतर चालले.”

त्यांनी भाव सांगितला. मी तोंड वाकडं केलं, बोंबील बारीक आहेत म्हणाले, वाळू आहे म्हणाले. कीव नाही हे त्यांना पटायला हवं होतं, म्हणून मी हात राखला नाही. त्यांनीही राखला नाही. पस्तीस वर्षांत आम्ही एकमेकींना जे बोललो नव्हतो ते सगळं त्या भावात निघालं. माझ्या माहेरच्या लोकांना मासळीतलं काय कळतं, हेही निघालं. आजूबाजूला माणसं जमली आणि जीपवाला हॉर्न वाजवायला लागला. शेवटी मी मधल्या भावाला घेतले. जाऊबाईंनी नोट घेतली, क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि कपाळाला लावली. मी उपासाच्या दिवशी बोंबलांची पुडी मांडीवर घेऊन तलासरीपर्यंत गेले. जीपमध्ये माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

परीक्षेच्या वेळी मी खिडकीतून बघत होते. परीक्षकांनी आत येताना जाऊबाईंना ओळखलं, आणि मी पाहिलं, त्यांनी आधी दार किती लांब आहे ते बघून घेतलं. नमस्कार झाला, स्वागत झालं. त्यांनी पाकीट उचललं, ठेवलं, “नको” म्हणाले आणि वळले. जाऊबाईंनी दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरली. परीक्षक दारात थांबले, सवयीने मागे वळून बघितलं.

“काही हरकत नाय,” जाऊबाई म्हणाल्या. “पुन्हा अवश्य या.” आणि हसल्यासुद्धा.

पुढच्या सोमवारी मी त्यांना चारोटीला घेऊन गेले. दुकान उघडलं, किल्ली त्यांच्या हातात दिली. जाऊबाई स्टुलावर चढल्या, पाय खाली सोडले, आणि डोळे मिटून थोडा वेळ नुसत्या बसल्या. मला भरून आलं, आणि भरून आलं की मी काहीतरी बोलून बसते. मी म्हटलं, बघा, आपल्या बोहनीची युक्ती कामाला आली की नाही.

“तुझी बोहनी कोण धरते,” जाऊबाई म्हणाल्या. “तू उपास मोडून घेतलेस. कीव म्हणतात ती आणखी काय.”

मी म्हटलं, मग परीक्षकांना जाऊ कसं दिलंत.

“तुझ्यापायी दिलं,” त्या म्हणाल्या. “तीन महिने माझी जागा धरून बसलीस. ती तुझी मेहनत फुकट घालवू, का माझा एक दिवस?” मग त्यांनी सांगितलं की दिवसही वाया गेला नव्हता. परीक्षेनंतर मी जीप बघायला रस्त्यावर गेले तेवढ्यात त्यांनी परीक्षकांना फाटकात गाठलं होतं. परीक्षक म्हणाले, आज गुरुवार. तर यांनी सांगितलं, सुके बोंबील शुक्रवारी पण सुकेच राहतात.

मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. तेव्हा मी आपला हिशोब काढला, म्हटलं, बोहनी धरली नाहीत तर माझी नोट परत द्या.

“बोंबील खाल्लेस ना?”

खाल्ले होते, शुक्रवारी, आणि वाळू एका कणाचीही नव्हती.

मग त्यांनी मला दुकानाबाहेर काढलं. बोहनीच्या वेळेला घरचं माणूस समोर नको, मोठे, असं म्हणाल्या. मी बाहेर जीपची वाट बघत उभी राहिले. एक गाडी थांबली, गुजरातकडचा कोणी माणूस उतरून आत गेला. मंदिराचा रस्ता विचारायचाय एवढंच तो गाडीतल्या बायकोला सांगून गेला होता. आतून नमस्कार ऐकू आला, स्वागत ऐकू आलं, आणि मग बराच वेळ फक्त जाऊबाईंचा आवाज. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. रस्ता त्याने मला विचारला.